एसएपी पीओमधून जाताना फाइलचं मूळ नाव कसं टिकवायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही जालन्याच्या एका बियाणे कंपनीत आहात. लॅबच्या सर्व्हरवर प्रत्येक लॉटच्या उगवण चाचणीचा पीडीएफ तयार होतो. एसएपी पीओ, म्हणजे एका प्रणालीतून दुसरीत माहिती नेणारं मधलं सॉफ्टवेअर (मिडलवेअर), तो एसएफटीपीने, म्हणजे सर्व्हरांमधल्या सुरक्षित फाइल देवाणघेवाणीच्या पद्धतीने, उचलतं आणि मुख्य कार्यालयाच्या शेअर्ड फोल्डरमध्ये टाकतं. लॅबकडे फाइलच्या नावात वाण, लॉट नंबर आणि तारीख असते. पलीकडे मात्र प्रत्येक फाइल 'रिपोर्ट' आणि पुढे टाइमस्टॅम्प अशा नावाने उतरते. फाइल आत घेणारा सेंडर आणि पलीकडे लिहिणारा रिसीव्हर, पीओच्या या दोन्ही चॅनेलवर फाइलनेम पुढे न्यायची टिक आहे, तरी काही फरक पडत नाही. त्यात काही नावं मराठीत आहेत, त्यांचं काय होईल ही वेगळी काळजी.

मी सोळा वर्षं हेच काम करतोय. बहुतेक काळ वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत, मधले काही हंगाम साखर कारखान्यांत. तुमची अडचण मला चांगली ओळखीची आहे, आणि ती किरकोळ नाही. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. ७४ टक्क्यांचा लॉट आणि ६६ टक्क्यांचा लॉट यांचे अहवाल फोल्डरमध्ये एकसारख्या नावाने पडले, तर डिस्पॅचवाल्याला प्रत्येक पीडीएफ उघडून बघावा लागतो. मृग तोंडावर आलेला असताना, गाड्या गेटवर उभ्या असताना हे काम कोणी शांतपणे करू शकत नाही. चुकीचा लॉट गेला तर भोगतो शेतकरी. म्हणून नाव टिकवण्यासाठी केलेला खटाटोप वाया जात नाही.

तुमच्या बाबतीत नाव हरवलेलंच नाही, असा माझा अंदाज आहे. ते पीओच्या आत व्यवस्थित आलंय, पण ज्याने वाचायचं तो ते भलत्या जागी शोधतोय.

याचं कारण समजायला मोंढा डोळ्यांसमोर आणा. आडत्याकडे माल येतो तेव्हा पोत्याच्या तोंडाशी सुतळीने चिठ्ठी बांधलेली असते: कोणाचा माल, कुठलं गाव, किती कट्टे. हमालाने ते पोतं चाळणीवर ओतून दुसऱ्या पोत्यात भरलं, की सगळा माल नव्या पोत्यात जातो आणि चिठ्ठी जुन्या पोत्यालाच राहते. फाइलचं नाव म्हणजे ती चिठ्ठी. पीडीएफच्या बाइटमध्ये नाव नसतं. ते डिस्कवरच्या डिरेक्टरीच्या नोंदीत असतं. मिडलवेअर फाइल वाचतं तेव्हा आतले बाइट घेऊन त्यांचा मेसेज बनवतं, म्हणजे पोतं ओततं. नाव पुढे न्यायचं असेल तर ते वेगळं उचलून मेसेजच्या हेडरमध्ये बांधावं लागतं, आणि शेवटच्या टोकाला कोणीतरी ते सोडून वाचावं लागतं. मधे जितक्या वेळा ओताओत, तितक्या वेळा चिठ्ठी सुटायची भीती.

पीओमध्ये सेंडर चॅनेलवरची टिक म्हणजे चिठ्ठी बांधणं. ती डायनॅमिक कॉन्फिगरेशन नावाच्या हेडरमध्ये जाते आणि तिथे प्रत्येक नोंदीला दोन भाग असतात: नेमस्पेस, म्हणजे ती नोंद कोणाच्या कप्प्यातली हे सांगणारा पत्ता, आणि नाव. चॅनेलच्या आत प्रत्यक्ष फाइल घेणारा-देणारा भाग म्हणजे अ‍ॅडॉप्टर. तुमचा सेंडर एसएफटीपी अ‍ॅडॉप्टर आहे, रिसीव्हर फाइल अ‍ॅडॉप्टर आहे. दोघेही 'फाइलनेम' हाच शब्द वापरतात, पण दोघांचे नेमस्पेस वेगळे आहेत. एसएफटीपी आपल्या कप्प्यात नाव ठेवतो, फाइल अ‍ॅडॉप्टर स्वतःचा कप्पा उघडतो, तो रिकामा दिसतो, आणि तो चॅनेलवर लिहिलेल्या नावाची योजना वापरून मोकळा होतो. स्क्रीनवर दोन्ही टिका अगदी बरोबर दिसतात, म्हणून माणूस दोन-दोन दिवस त्यांच्याकडेच बघत बसतो. मीही बसलोय.

हे ताडून पाहायला पाच मिनिटं लागतात. मेसेज मॉनिटरमध्ये तुमचा एक गेलेला मेसेज उघडा आणि त्याच्या हेडरमध्ये डायनॅमिक कॉन्फिगरेशन बघा. मूळ फाइलनेम तिथे दिसलं आणि त्याच्या नेमस्पेसमध्ये एसएफटीपी असेल, तर निदान पक्कं. फाइलनेम दिसलंच नाही, तर सेंडरकडची टिक सेव्ह झाली पण अ‍ॅक्टिव्हेट झाली नाही, किंवा भलत्याच चॅनेलवर केली गेली. आधी ते बघा. फाइलनेम फाइलच्या नेमस्पेसखाली बरोबर बसलंय आणि तरी पलीकडे चुकतंय, तर माझा अंदाज चुकला. मग रिसीव्हर चॅनेलचा स्क्रीनशॉट पाठवा.

निदान पक्कं झालं की उपाय तीन आहेत. कोणता घ्यायचा ते तुमच्या मांडणीवर ठरेल. मुख्य कार्यालयाचा सर्व्हर एसएफटीपी देत असेल तर रिसीव्हरही एसएफटीपी करा. दोन्हीकडे एकच नेमस्पेस आला की टिका आपोआप काम करतात आणि कोडची ओळही लिहावी लागत नाही. ते शक्य नसेल तर मॅपिंगमध्ये, म्हणजे मधे मेसेजवर बदल करायच्या टप्प्यात, एका कप्प्यातून वाचून दुसऱ्यात ठेवायचं. तिसरा मार्ग अ‍ॅडॉप्टर मॉड्यूलचा, म्हणजे चॅनेललाच जोडलेल्या छोट्या कोडचा. तो चालतो, पण सहा महिन्यांनी नवा माणूस आला की चॅनेलच्या मॉड्यूल टॅबमध्ये काय दडलंय हे त्याला कोणी सांगत नाही, म्हणून मी तो शेवटी ठेवतो.

मॅपिंगच्या मार्गावर एक अडथळा तुम्हाला नक्की लागणार. ग्राफिकल मॅपिंगला आत एक्सएमएल लागतं. त्याला पीडीएफ दिला की पार्सर पहिल्याच बाइटला अडून पडतो. तुमचा इंटरफेस सध्या मॅपिंगशिवाय सरळ जातोय तो म्हणूनच. तेव्हा इथे जावा मॅपिंग लिहा. आधी एसएफटीपीच्या नेमस्पेसखालचं फाइलनेम वाचा, ते फाइलच्या नेमस्पेसखाली ठेवा, आणि मग इनपुटचे बाइट जसेच्या तसे आउटपुटला ओता. पंधरा-वीस ओळींचं काम आहे. नेमस्पेस कुठल्या जुन्या लेखातून उतरवू नका. मॉनिटरमध्ये तुमच्याच मेसेजवर जो दिसतो तोच अक्षर न् अक्षर उचला. आणि टेस्ट टॅबवर विसंबू नका. तिथे खरा मेसेज नसतो, त्यामुळे हेडरही नसतं. खरी फाइल खऱ्या चॅनेलमधून पाठवूनच बघा.

रिसीव्हर चॅनेलवर आणखी एक पर्याय असतो: ठरवलेलं हेडर मिळालं नाही तर मेसेज चुकीत टाका. तो चालू करा, हे मी आग्रहाने सांगतो. बरेच जण तो बंद ठेवतात, कारण लाल मेसेज कोणालाच नको असतात. पण अडकलेला मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी सापडतो. टाइमस्टॅम्पचं नाव घेऊन मुकाट पलीकडे गेलेली फाइल मात्र एखाद्या शेतकऱ्याची तक्रार येईपर्यंत सापडत नाही.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, कारण नाव टिकायला लागलं की दुसऱ्याच दिवशी ती पुढे येणार. टाइमस्टॅम्पवाल्या नावाचा एक फायदा होता: दोन फाइलींची टक्कर कधी होत नव्हती. मूळ नाव ठेवलं की टक्कर होणार. लॅबने दुरुस्त करून तोच अहवाल पुन्हा पाठवला, किंवा तुम्ही मेसेज रीस्टार्ट केला, तर रिसीव्हर चॅनेल जुन्या फाइलवर लिहू देत असेल तेव्हा पलीकडची जुनी फाइल पुसून तिच्या जागी नवी बसेल. हे चांगलं की वाईट ते मी इथे बसून ठरवू शकत नाही. दुरुस्त अहवालच खरा मानायचा असेल तर पुसणं योग्य. पण बियाण्याच्या चाचणीत आधीचा निकाल काय होता हे कधीतरी दाखवावं लागतं, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर नावाच्या शेवटी आवृत्तीचा अंक लॅबकडूनच घेतला असता. तो मिडलवेअरने जोडू नये. पीओला एवढंच कळतं की त्या नावाची फाइल तिथे आधीच आहे. ती दुरुस्ती आहे की चुकून दुसऱ्यांदा आलेली तीच फाइल, हे फक्त लॅबला माहीत असतं.

त्याच ओघात तात्पुरत्या नावाचंही बघा. रिसीव्हरवर तात्पुरती फाइल लिहून मग नाव बदलायची सोय असते, ती वापरा. नाहीतर पलीकडचा प्रोग्राम अर्धवट लिहिलेला पीडीएफ उचलतो. फक्त ते तात्पुरतं नाव त्याच्या शोधाच्या पॅटर्नमध्ये बसणार नाही एवढी खात्री करा.

लॉट नंबरात तिरकी रेघ आहे का? जालन्यात मी पाहिलेल्या लॉट नंबरांत बहुतेक वेळा असते. लिनक्सवर तिरकी रेघ म्हणजे फोल्डर बदलणं, म्हणून ती फाइलच्या नावात येऊच शकत नाही. विंडोजवर ती आणि उलटी रेघ तर नाहीतच, शिवाय विसर्गासारखा कोलन, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरण, उभी रेघ आणि दोन्ही कोनी कंसही चालत नाहीत. तुमच्या लॅबचं सॉफ्टवेअर आधीच तिरक्या रेघेच्या जागी काहीतरी घालत असणार. ते काय घालतं ते विचारून घ्या. लॉट नंबरात आधीच डॅश असेल आणि तिरक्या रेघेलाही डॅशच घातला, तर पलीकडे नावावरून मूळ लॉट नंबर परत काढता येत नाही. अंडरस्कोअर लॉट नंबरात कुठेच नसेल तर तोच घ्या. विंडोजवर लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा भेदही धरला जात नाही, लिनक्सवर धरला जातो. लॅब लिनक्सवर आणि मुख्य कार्यालय विंडोजवर असेल तर दोन वेगळ्या फाइली पलीकडे एकच होऊ शकतात.

आता मराठी नावं. इथे मी थोडा जास्त थांबतो, कारण यावर नीट लिहिलेलं मराठीत फारसं सापडत नाही.

काही वर्षांपूर्वी एका साखर कारखान्यात गट कार्यालयांकडून येणाऱ्या याद्या आम्ही मिडलवेअरमधून ऊसबिलाच्या प्रणालीत नेत होतो. फाइलचं नाव 'शेतकऱ्यांची_यादी' आणि पुढे गट क्रमांक. सगळ्या गटांच्या याद्या जात होत्या, फक्त दोन गटांच्या फोल्डरमध्येच पडून राहायच्या. चूक नाही, लाल मेसेज नाही, काही नाही. चॅनेलचा फाइल शोधायचा पॅटर्न बघितला, नाव बघितलं, अक्षर न् अक्षर तेच. रात्री दहाच्या सुमारास मी दोन्ही नावांचे बाइट मोजले. एक नाव दुसऱ्यापेक्षा तीन बाइटने लांब निघालं.

फरक होता तो एका अर्ध्या र मध्ये. 'शेतकऱ्यांची' या शब्दातला ऱ्य दोन तऱ्हांनी लिहिता येतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून जे ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, त्याचा युनिकोड क्रमांक ०९३१, आणि त्यापुढे हलंत. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलंत, आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. पहिल्यात दोन चिन्हं, सहा बाइट. दुसऱ्यात तीन चिन्हं, नऊ बाइट. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. त्या दोन गटांतले कारकून वेगळं टायपिंगचं साधन वापरत होते, एवढंच. ज्यांच्या याद्या अडकल्या त्यांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं. आम्ही पॅटर्न एकाच तऱ्हेने लिहिला होता, चूक आमची होती. त्या गटांच्या लोकांची बिलं चार दिवस उशिरा निघाली, आणि ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

या अनुभवानंतर मी जे करतो ते असं. आत येणारं प्रत्येक नाव युनिकोडच्या एनएफसी रूपात, म्हणजे सुटे तुकडे जोडलेल्या प्रमाण रूपात, आणतो. त्याने मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवरून आलेला, र आणि नुक्ता असा फोडलेला ऱ पुन्हा एक होतो. पण न दिसणाऱ्या जोडकाची तऱ्हा एनएफसीने बदलत नाही. युनिकोड त्या दोन तऱ्हा समान मानतच नाही. म्हणून तेवढी अदलाबदल जावा मॅपिंगमध्ये वेगळी लिहावी लागते: र, हलंत, जोडक असा क्रम दिसला की त्याच्या जागी ऱ आणि हलंत. हे बदललेलं नाव फक्त तुलनेसाठी वापरायचं की फाइलही त्याच नावाने लिहायची, हे आधी ठरवा. माझ्या मते तुलनेसाठी बदललेलं वापरावं आणि फाइलला आलं तसंच नाव द्यावं. मात्र एकच यादी दोन तऱ्हांनी लिहून येण्याची शक्यता असेल, तर लिहितानाही बदललेलंच घ्यावं, नाहीतर पलीकडे डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या दोन फाइली शेजारी शेजारी पडतील.

नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येत असतील तर तो वेगळा आजार आहे. लिनक्सवर जावा फाइलचं नाव लिहिताना ऑपरेटिंग सिस्टीमची लोकेल, म्हणजे भाषेची आणि अक्षरं साठवायच्या पद्धतीची सेटिंग, बघते. पीओची सेवा ज्या युजरखाली चालते त्याची लोकेल यूटीएफ-८ (युनिकोडची चिन्हं बाइटमध्ये लिहायची पद्धत) नसेल तर प्रत्येक मराठी चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं, आणि एकदा बसलं की मूळ अक्षर परत मिळत नाही. विंडोजच्या फोल्डरवर तर प्रश्नचिन्ह चालतच नाही, त्यामुळे लिहिणंच फसतं. बेसिस टीमला, म्हणजे एसएपीचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना, त्या युजरची लोकेल विचारा. तुम्ही स्वतः लॉगिन करून जी बघाल ती तुमच्या युजरची असेल, सेवेची नाही. वाटेत कुठे साधं एफटीपी असेल तर तेही तपासा. एफटीपीचा मूळ नियम १९८५चा, नावं एएस्कीत धरणारा. यूटीएफ-८ ची सोय १९९९मध्ये आली आणि जुने सर्व्हर ती पाळतीलच असं नाही. एसएफटीपीच्या आज सर्रास वापरात असलेल्या तिसऱ्या आवृत्तीत नावाचं एन्कोडिंग ठरवून दिलेलंच नाही, दोन्ही टोकांनी आपसात जुळवायचं असतं.

लांबीचाही हिशेब ठेवा. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल प्रणालीत नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं. 'शेतकऱ्यांची' हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा, पण त्यात ११ चिन्हं आणि ३३ बाइट आहेत. म्हणजे निव्वळ मराठी नावाला ८५ चिन्हं मिळतात, त्यात काना-मात्राही मोजल्या जातात. विंडोज हीच मर्यादा वेगळ्या एककात मोजतं, म्हणून तिथे चालणारं लांब मराठी नाव लिनक्सवर अडू शकतं.

यावर 'मराठी नावं बंद करा' हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. मला तो पटत नाही. लॅबमधल्या माणसाला फोल्डर उघडल्यावर 'सोयाबीन_उगवण' वाचता आलं पाहिजे, तो त्याच्या कामाचा भाग आहे. फक्त यंत्राला जे शोधायचंय, म्हणजे लॉट नंबर आणि तारीख, ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत नावाच्या सुरुवातीला ठेवा, आणि मराठी भाग त्यापुढे. जावाच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये अंकाचं जे चिन्ह आहे ते मुळात इंग्रजी शून्य ते नऊच ओळखतं, देवनागरी अंक ओळखत नाही. लॅबमध्ये कोणी लॉट नंबर देवनागरी अंकांत टाइप केला तर तुमचा पॅटर्न तो मुकाट सोडून देईल.

पुढचाही थोडा विचार करा. पीओ ७.५ ची मुख्य देखभाल २०२७ अखेर संपते, त्यामुळे तुम्ही कधीतरी एसएपीच्या क्लाउडवरच्या इंटिग्रेशन सूटवर जालच. तिथे दोन नेमस्पेसची भानगड नाही. नाव 'कॅमलफाइलनेम' या हेडरमध्ये येतं आणि एसएफटीपी रिसीव्हरचं फाइलनेम रिकामं ठेवलं की तेच वापरलं जातं. पण हेडर हरवलं तर फाइलला एक्स्चेंज आयडीचं लांबलचक नाव मिळतं. एका आयफ्लोमधून (तिथल्या इंटरफेसमधून) दुसऱ्यात प्रोसेसडायरेक्ट या आतल्या जोडणीने जाताना 'अलाउड हेडर्स'मध्ये ते लिहिलेलं नसेल तर ते वाटेतच गळतं. चिठ्ठी इथेही सुटते, फक्त जागा बदलते.

आणि ज्या वाटेवर मधे आयडॉक (एसएपीचा ठरलेल्या साच्यातला दस्तऐवज) किंवा ईआरपीचा, म्हणजे कंपनीच्या मुख्य व्यवहार प्रणालीचा, प्रोग्राम आहे, तिथे हेडरवर भरवसा ठेवूच नका. आयडॉक बनला की मेसेजचं हेडर मागे राहतं. अशा ठिकाणी नाव मालाच्या आत, एखाद्या ठरलेल्या फील्डमध्ये लिहून न्या. तुमच्या पीडीएफच्या बाबतीत लॉट नंबर अहवालाच्या पहिल्या पानावर छापलेला असतोच. तो आणि नावातला लॉट नंबर एकच आहे का, हे मुख्य कार्यालयात आठवड्यातून एकदा कोणीतरी चार फाइली उघडून बघावं.

लाइव्ह करण्याआधी पाच फाइली पाठवून बघा. एक साध्या इंग्रजी नावाची. एक 'दुसऱ्या_चाचणीचा_अहवाल' अशी, ऱ असलेली. तीच दुसऱ्या कळफलकावरून टाइप केलेली. एक ऐंशीच्या आसपास चिन्हांचं मराठी नाव असलेली. आणि पहिलीच फाइल, आत एक शब्द बदलून, पुन्हा त्याच नावाने. पलीकडे किती फाइली उतरल्या ते मोजा, आणि पहिल्या फाइलच्या डायनॅमिक कॉन्फिगरेशनमध्ये फाइलनेमच्या डाव्या बाजूला कोणता नेमस्पेस दिसला तो जसाच्या तसा इथे लिहा. तो दिसला की जावा मॅपिंगच्या ओळी तुमच्यासाठी इथेच लिहून देतो.